हात माझाच आहे, पण माझा वाटत नाही

पहिल्याच भेटीत तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, हा माझाच हात आहे हे मला माहीत आहे. पण तो माझा वाटत नाही."

मग बोटं एकेक करून हलवून पाहिली. "हलतायत. मीच हलवतेय. तरी जणू दुसरंच कुणीतरी हलवतंय आणि मी मागे बसून नुसती बघतेय."

वय बावीस. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत.) डोळ्यांखालची वर्तुळं सांगत होती की रात्र रात्र मोबाइलवर लक्षणं शोधणं चालू आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न काय येणार हे मला ठाऊक होतं.

"मला वेड लागतंय का?"

मनाच्या त्रासांवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, फक्त वेष बदलून. कुणी म्हणतं, सगळं काचेपलीकडे चाललंय. कुणाला स्वतःचा आवाज रेकॉर्ड केल्यासारखा ऐकू येतो. एका गृहस्थांनी तर मोजून सांगितलं होतं, "मी माझ्या डोळ्यांच्या दोन फूट मागे बसलोय." आरशातला चेहरा ओळखीचा असतो, पण आपला वाटत नाही. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं तर समोरचा काय समजेल!

तिला मी लगेच सांगितलं ते इथेही आधीच सांगते. नाही, हे वेड नव्हे. तिच्या वाक्यातला एक शब्द पुन्हा बघा, 'जणू'. आम्ही या शब्दावर कान ठेवून असतो. "माझा हात काढून दुसऱ्याचा बसवलाय," असं जो ठामपणे सांगतो आणि समजावल्यावर चिडतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं वास्तवाचं भान सुटलेलं असतं. हिचं भान शाबूत होतं, जरा जास्तच शाबूत होतं. हरवली होती ती आपलेपणाची ऊब.

या अवस्थेला डिपर्सनलायझेशन म्हणतात, आणि आजूबाजूचं जग खोटं, सपाट, नाटकाच्या पडद्यासारखं वाटू लागलं तर डिरिअलायझेशन. पहिला शब्द मानसशास्त्रात आणला लुडोविक ड्यूगा या फ्रेंच अभ्यासकाने, १८९८ मध्ये. त्याने तो उचलला आन्री-फ्रेदेरिक आमिएल या स्विस प्राध्यापकाच्या रोजनिशीतून. म्हणजे आजाराचं नावसुद्धा ते भोगणाऱ्या माणसाच्या वहीतून आलंय. हे ऐकून ती पहिल्यांदा जरा सैलावली. "म्हणजे माझ्याआधी कुणाला तरी झालंय?" झालंय, आणि भरपूर जणांना. झोपेचं खोबरं झालं, अपघातातून थोडक्यात वाचलो, जवळचं माणूस अचानक गेलं, की घटकाभर असं वाटून जाणं अगदी सर्रास आहे. ते ठाण मांडून बसतं ते मात्र शंभरात एखाद-दुसऱ्याच्या बाबतीत, आणि बहुतेकदा सुरुवात विशीच्या आत किंवा आसपास होते.

तिचं सुरू झालं परीक्षेच्या दिवसांत. चार रात्री धड झोप नाही, गच्च भरलेला वर्ग, आणि अचानक छातीत धडधड, हातपाय गार, जीव घाबराघुबरा. सरळसरळ पॅनिक अटॅक. त्यात आपण नकळत भराभरा श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं, आजूबाजूचं धूसर, परकं वाटायला लागतं. पॅनिक अटॅकच्या निदानासाठी जी १३ लक्षणं पाहतात, त्यात हे परकेपण एक आहे. वीसेक मिनिटांत धडधड थांबली. परकेपण थांबलं नाही. ती पाच महिन्यांनी माझ्याकडे आली.

आता माझी चूक. पहिल्या दोन सेशनमध्ये मी 'मुळाशी काय आहे' हे खणत बसले. लहानपण, घर, काही जुनं दडपलेलं? फारसं काही हाती लागलं नाही. वर मी तिला घरी करायला डोळे मिटून श्वासाकडे बघायचा व्यायाम दिला. पुढच्या वेळी ती रडवेली होऊन आली. "डोळे मिटले की मी अजून लांब जाते मॅडम. श्वास पण दुसऱ्याच कुणाचा वाटतो." खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. जी मुलगी दिवसभर स्वतःकडे लांबून बघून थकलीय, तिला मी आणखी बघायचं काम लावलं होतं. ध्यान चांगलं की वाईट हा इथे मुद्दाच नाही. पण या अवस्थेत काही जणांचा त्रास त्याने वाढतो. मी माफी मागितली आणि तो व्यायाम बंद केला.

तिच्या एका नातेवाइकांनी याच लक्षणांना साक्षीभाव म्हणून टाकलं होतं. "लोक वर्षानुवर्षं साधना करतात, तुला फुकट मिळालं!" मला अध्यात्मातलं फार कळत नाही. पण ज्या अलिप्तपणात आई जवळ बसली तरी माया जाणवत नाही आणि रात्री दोनला दरदरून घाम फुटतो, त्याबद्दल कुणाचं अभिनंदन करू नये एवढं कळतं.

रात्री दोनचे तिचे प्रश्न मात्र भारी होते. वहीत लिहून आणायची. 'माझं मन म्हणते, माझं शरीर म्हणते, माझं डोकं, माझा जीव. सगळंच माझं, तर मग मी कोण? कुठे आहे मी?' मी म्हटलं, "अगं, या प्रश्नावर मोठमोठ्यांची आयुष्यं गेलीयेत, पण त्यातले बरेच जण झोप काढून, सकाळी विचार करत असावेत." हसली नाही. मग मी तिला देकार्तचं सांगितलं. मन वेगळं, शरीर वेगळं अशी फाळणी केली म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, तोच हा तत्त्वज्ञ. पण त्यानेच १६४१ मध्ये हेही लिहून ठेवलंय की आपण शरीरात नावाड्यासारखे बसलेलो नसतो. नाव फुटली तर नावाडी बघून ओळखतो, कुठे फुटली. आपल्याला जखम झाली तर आपण ती अशी बघून ओळखत नाही, आपल्याला दुखतं. एरवी मन आणि शरीर एकमेकांत पार मिसळलेली असतात.

"मी झालेय ना नावाडी," ती पटकन म्हणाली.

"तसं वाटतंय खरं. पण झालीयेस का ते बघू."

इथे एक प्रयोग सांगावा लागला. १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन या दोघा संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात आडोशामागे ठेवायचा, समोर रबरी हात, आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने बऱ्याच जणांना तो रबरी हातच आपला वाटायला लागतो. रबर आहे हे पक्कं माहीत असूनही! म्हणजे 'हा हात माझा' ही जन्मतः ठोकलेली पाटी नाही. डोळ्यांना दिसतं, कातडीला लागतं, सांधे आणि स्नायू कळवतात, आतून काळजाचे ठोके, पोट, श्वास यांची खबर येते, आणि या सगळ्याची मोट मेंदू क्षणाक्षणाला बांधत असतो. ती बांधणी नीट चालू असते तेव्हा आपल्याला 'मी' हा विषयच सुचत नाही. भीती हाताबाहेर गेली की मेंदू भावनेचा आवाज खाली करतो असं या विषयातले अभ्यासक मानतात. प्रसंग निभावून नेण्यापुरतं ते सोयीचं असतं. पण आवाज एकट्या भीतीचा खाली होत नाही, त्याबरोबर हाताचं आपलेपण, गाण्यातली मजा, आईचा स्पर्श, सगळंच मंद होतं.

"मग आवाज परत वर का येत नाही?"

आतापर्यंत तिने विचारलेला हा सर्वांत कामाचा प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत, 'मी नॉर्मल आहे का' हे जेव्हा जेव्हा तपासशील तेव्हा कागदावर एक रेघ मार, एवढंच सांगितलं. हाताकडे बघणं, आरशात डोळे निरखणं, स्वतःचं नाव पुटपुटून पाहणं, मोबाइलवर शोधणं, सगळं धरून.

कागद घेऊन आली. ४३ रेघा. "दुपारनंतर मोजायचा कंटाळा आला," असंही म्हणाली.

कोणताही एखादा सोपा शब्द पन्नास वेळा म्हणून बघा. अर्थ गळून पडतो, नुसता आवाज उरतो. हाताचं तसंच. कोणताही माणूस, अगदी ठणठणीत माणूससुद्धा, स्वतःच्या हाताकडे दहा मिनिटं रोखून 'हा माझा का?' असं विचारत बसला तर हात परका वाटू लागेल. तो परका वाटला की ही घाबरणार, घाबरली की पुन्हा तपासणार. परीक्षेच्या दिवसात सुरू झालेली गोष्ट पाच महिने टिकली ती बरीचशी या तपासणीवर.

मध्यंतरी मी तिला फिजिशियनकडे आणि मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. फिट्सचा एखादा प्रकार, मायग्रेन, थायरॉइड, गांजासारखी नशा, यांतूनही असं होऊ शकतं, ते बघून घ्यावंच लागतं. तिच्यात तसं काही निघालं नाही. या अवस्थेसाठीच मान्यता मिळालेलं असं खास औषध नाही, पण बरोबरीने येणारी चिंता किंवा नैराश्य जास्त असेल तर त्यावर औषध देतात आणि त्याचा उपयोग होतो. हे वाचणाऱ्या कुणाला मध्येच शुद्ध हरपते, मधला वेळच आठवत नाही, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, 'जणू' जाऊन खात्री आलीय, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, तर लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आमचं काम त्यानंतर अगदी साधं आणि कंटाळवाणं होतं. रेघ मारायची वेळ आली की पाच मिनिटं पुढे ढकलायची. त्या पाच मिनिटांत लक्ष बाहेर: गार पाण्याखाली मनगट, खिडकीबाहेरचे आवाज, जिना भरभर चढणं. डोळे उघडे. झोपेची वेळ ठरलेली. ज्या वर्गात अटॅक आला होता तिथे आधी दारापाशी, मग शेवटच्या बाकावर, मग मध्ये. 'वाटत नाही' म्हणून मैत्रिणींना टाळणं बंद. वाटो न वाटो, जायचं. तिच्या आईला मी एकच विनंती केली, "आज कसं वाटतंय असं दिवसातून चारदा विचारू नका." त्या म्हणाल्या, "मग मी काय विचारू?" खरंच अडचण होती त्यांची. "दुसरं काहीही विचारा," एवढंच सुचलं मला.

सातवं की आठवं सेशन असेल. उठताना तिच्या पायाची करंगळी खुर्चीच्या पायावर जोरात आपटली. "आई गंऽऽ!" एका पायावर नाचत तिने करंगळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी थांबले. तिनेच वर बघितलं, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "नावाडी नाही गेला बघायला." मग दोघीही खूप हसलो.

पुढच्या आठवड्यात काच परत आली होती. जाड नाही, पण होती. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत करंगळी आपटली आणि मुलगी बरी झाली असं ऐकायला लोकांना आवडतं. तसं होत नाही. रेघा ४३ वरून तिसावर आल्या, एका वाईट आठवड्यात पुन्हा वर गेल्या, मग कधीतरी ती कागद आणायचा विसरली. मला बरं वाटलं, पण मी कागद मागितला नाही. परकेपण आधी तासभर जाऊन बघायचं, मग दुपार दुपार, मग ते कधी येतं हे तिला आठवून सांगावं लागायचं.

तिचा 'मी कोण' हा प्रश्न सुटला का? नाही. माझाही सुटलेला नाही.

चार-पाच महिन्यांनी तिने पुन्हा वेळ मागितली. मला धस्स झालं. पण ती आली तीच भडकलेली. खोलीतल्या मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण. कोण काय बोललं, कोणी दार आपटलं, कोणी कोणाचा चार्जर न विचारता नेला. सांगताना आवाज चढत होता, गाल लाल, हात हवेत उडत होते, एकदा तर टेबलावर मूठ आपटली. पाऊण तासात तिने त्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

माझ्या ते लक्षात आलं. मी काही बोलले नाही. चार्जरचं पुढे काय झालं ते विचारलं.