ओक्लाहोमाचा ट्रक आणि उमरेडची खाण

मागच्या वेळी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटावर लिहिलं होतं. १९ एप्रिल १९९५, टिमथी मॅकव्हे हा माजी सैनिक, भाड्याच्या ट्रकमध्ये खतापासून केलेला बॉम्ब, समोर सरकारी कचेऱ्यांची इमारत, १६८ मृत्यू, त्यात १९ लहान मुलं. पत्रं भरपूर आली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: ‘खरं काहीतरी वेगळंच आहे.’

शेतातल्या खतानं नऊ मजली इमारत अर्धी पडते? खांबांना आतून दारू लावलेली असणार. (उमरेड)

अहो, उमरेडकरांनी हे विचारावं? तुमच्या शेजारच्या कोळसा खाणीत दगड फुटतो तो अमोनियम नायट्रेटच्याच, म्हणजे त्याच खताच्या, जोरावर. नुसतं खत असतं तर २०१२ साली त्याच्यासाठी वेगळे नियम कशाला केले असते, आणि परवान्यांचं काम स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या, आपल्या नागपुरातल्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेकडे कशाला दिलं असतं?

पण शंका अगदीच पोकळ नाही. अमेरिकी हवाई दलाच्या एका निवृत्त जनरलनेही ती काढली होती: स्फोटाचा दाब अंतरागणिक झपाट्यानं उतरतो, मग लांबचे खांब कसे गेले? दाबाचं बरोबर आहे. चूक इमारत न पाहण्यात आहे. तिच्या दर्शनी बाजूला खाली खांब मोजके आणि वर त्याच्या दुप्पट. वरच्यांचा भार तिसऱ्या मजल्याशी असलेल्या एका आडव्या तुळईवर. ट्रकसमोरचा खांब चिरडला, आजूबाजूचे दोन कापले गेले, तुळईचा आधार सुटला आणि तिच्यावरचं सगळं खाली आलं. १९९६ च्या अभियंत्यांच्या अहवालात हेच आहे. बराचसा भाग स्फोटानं नाही, आधार गेल्यानं पडला.

आणि खांबांत दारू भरायची तर होल मारावे लागतात. मी आयुष्यभर खाणीत ब्लास्टिंग केलंय. ड्रिलचा आवाज आणि धूळ भरल्या सरकारी कचेरीत कोणाला कळली नाही म्हणता?

भूकंपमापकावर दोन धक्के होते म्हणे. म्हणजे बॉम्ब दोन? (धरमपेठ)

जवळच्याच नॉर्मन गावातल्या यंत्रावर सुमारे दहा सेकंदांच्या अंतरानं दोन लहरी उमटल्या, हे खरं. पण उरलेली इमारत २३ मे १९९५ ला सुरुंग लावून पाडली, तेव्हाही तशाच दोन लहरी आल्या. एकाच धक्क्याच्या लहरी जमिनीतून वेगवेगळ्या वेगानं जातात. शिवाय समोरच्या इमारतीत त्या वेळी जलमंडळाची सुनावणी टेपवर चालू होती. टेपवर धमाका एकच.

इतका मोठा कट करणारा नंबर प्लेट नसलेल्या गाडीत सापडतो? ठरवून पकडवला असेल! (महाल)

बाप्पा, कट करणारे हुशारच असतात हा सिनेमातला समज. स्फोटानंतर दीडेक तासात रस्त्यावरच्या पोलिसानं मॅकव्हेला थांबवलं, तेव्हा बॉम्बशी त्याचा संबंध कोणालाच माहीत नव्हता. इकडे ट्रकच्या तुटलेल्या अ‍ॅक्सलवरच्या नंबरावरून तपास भाड्याच्या दुकानापर्यंत गेला, तिथून रेखाचित्र, मग मोटेल, मग खरं नाव. तोवर स्वारी वेगळ्याच गुन्ह्यात कोठडीत बसलेली.

दुसरा संशयित कुठं गेला? एफबीआयनं कागदही दडवले होते ना? (कामठी)

दुकानदारांना आठवलेला ‘दुसरा’ हा दुसऱ्या दिवशी ट्रक घ्यायला आलेला निर्दोष सैनिक होता, असा तपासाचा निष्कर्ष. खरा साथीदार टेरी निकोल्स. तो जन्मठेप भोगतोय. कागदांचं मात्र तुम्ही बरोबर बोलता. हजारो पानं बचाव पक्षाला वेळेत दिली नव्हती, म्हणून मॅकव्हेच्या देहदंडाची १६ मे २००१ ही तारीख ११ जूनवर ढकलावी लागली. हलगर्जी अक्षम्यच. वकिलांनी ती पानं घेऊन आणखी स्थगिती मागितली, न्यायालयानं नाकारली. पुढचं अपील मॅकव्हेनं स्वतःच सोडलं. स्फोट आपणच केला हे तो त्याआधीच दोन पत्रकारांना सांगून बसला होता.