पॅकेज कर्जात घालू नका, खेपेमागे 750 रुपये बाजूला काढा

आळेफाट्याजवळच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांनी नवी डिझेल पिकअप बुक केली आहे. कर्ज 8,70,000 रुपये, व्याज 11 टक्के, मुदत 48 महिने. टोमॅटो, कांदा आणि भाजी घेऊन माळशेज घाटातून वाशी मार्केटला महिन्याला साधारण 15 खेपा होतील, म्हणजे अंदाजे 4,500 किलोमीटर. शोरूमवाले म्हणतात, तीन वर्षांचं सर्व्हिस पॅकेज 48,000 रुपयांत घ्या, कर्जातच घालून देतो. गावातला मेकॅनिक म्हणतो, निम्म्या पैशात मी करतो. आणि गाडी चालवणारा मित्र म्हणतो, दर 5,000 ला ऑइल बदललंच पाहिजे. ऐकायचं कोणाचं, हा त्यांचा प्रश्न.

दादा, सोबत पाठवलेल्या पॅकेजच्या कागदावर एक ओळ बारीक अक्षरात आहे: ‘3 वर्षं किंवा 60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते’. घरगुती वापराच्या माणसाला तीन वर्षं आधी येतात. तुमचे 60,000 किलोमीटर 13 महिन्यांतच भरतील. तिथे पॅकेज संपलं. कर्ज मात्र 48 महिन्यांचं आहे. 48,000 कर्जात घातले तर हप्ता सुमारे 1,240 रुपयांनी वाढतो आणि शेवटपर्यंत ते पॅकेज 59,500 रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे पॅकेज संपल्यावरही 35 महिने तुम्ही त्याचा हप्ता भरत राहणार, आणि त्याच काळात नव्या सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे खिशातून जाणार.

आता तुम्हीच आणलेल्या कोटेशनवरून बिनपॅकेजचा हिशेब करू. सर्व्हिस बुकाप्रमाणे पहिली सर्व्हिस 5,000 ला, दुसरी 10,000 ला आणि पुढे दर 10,000 ला. 60,000 पर्यंत सात होतात. पहिल्या तीन ‘फ्री’, म्हणजे मजुरी माफ. ऑइल आणि फिल्टरचे प्रत्येक वेळी साधारण 4,000 द्यावेच लागतात. नंतरच्या चार 6,500 प्रमाणे. 40,000 ला गिअर ऑइल, डिफरन्शियल ऑइल, कूलंट वगैरेचे 5,000 जास्तीचे. बेरीज 43,000. हे पैसे 13 महिन्यांत, काम होईल तसे जातात. पॅकेजपेक्षा सोळा-सतरा हजार कमी. शिवाय पॅकेजमध्ये ब्रेक लायनर, क्लच प्लेट, टायर धरलेले नाहीत, म्हणजे जिथे खरा खर्च निघतो ते बाहेरच आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: पॅकेज नको, आणि कर्जात तर नकोच.

शोरूमच्या माणसानं ‘टॅक्स वाचतो’ असंही सांगितलं म्हणे. तुम्ही लहान मालवाहू गाडीसाठी असलेल्या अंदाजित उत्पन्नाच्या सोयीनं, सगळे जिला 44एई म्हणतात तिच्यानं, रिटर्न भरता. त्यात गाडीमागे महिन्याला 7,500 रुपये उत्पन्न धरलं जातं आणि देखभालीचा खर्च वेगळा वजा होत नाही. पॅकेज घ्या वा घेऊ नका, तुमचा कर तेवढाच.

मेकॅनिकबद्दल मला काळजी वाटते ती त्याच्या हाताची नाही, ऑइलच्या डब्याची. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी गाडी गरम होऊन जाळून टाकते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती आतच साठते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं, बुकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. जुन्या गाडीला चालणारं स्वस्त ऑइल घातलं तर पहिले काही महिने काहीच कळत नाही. नंतर फिल्टर तुंबतो, गाडी ओढ सोडते आणि बदलायची वेळ आली तर बिल मोठं येतं. हमी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर आहे, तुमच्यासाठी साधारण 22 महिने. तोवर प्रत्येक सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच, आणि प्रत्येक बिल फाइलला. इंजिन किंवा टर्बो गेल्यावर कंपनी आधी हीच बिलं मागते. विम्यावर भिस्त ठेवू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटर पॉलिसीत बसत नाही. गावातल्या मेकॅनिककडे पाट्यांचं ग्रीसिंग, पंक्चर, बल्ब अशी कामं खुशाल करा.

मित्राचा सल्ला प्रेमाचा आहे, पण महाग आहे. दर 5,000 ला ऑइल म्हणजे वर्षाला पाचेक सर्व्हिसिंग जादा, वीस-बावीस हजार रुपये. तरी त्यात एक खरी गोष्ट आहे. बहुतेक कंपन्या कठीण वापरासाठी वेगळा तक्ता देतात: धूळ, भरलेला माल, घाट. तुमच्याकडे तिन्ही आहे. बुकात तसा तक्ता असेल तर तोच तुमचा, आणि अॅडव्हायझरकडून तो आकडा लिहून घ्या. नसेल तर 10,000 पाळा, पण 10,000 म्हणजे 10,000; सीझन चालू आहे म्हणून 13,000 पर्यंत ओढू नका. तुमच्या 33 खेपांत 10,000 होतात, म्हणजे सव्वादोन महिन्यांत. नारायणगावला टोमॅटोची आवक तेजीत असताना एक दिवस गाडी उभी राहणं परवडत नाही, तेव्हा सर्व्हिस तेजीच्या आधी 500-700 किलोमीटर लवकर करून घ्या. एअर फिल्टर मात्र दर 5,000 ला उघडून पाहायला सांगा, त्याला फारसा खर्च नाही. डिझेल फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत नको, तिथेच थांबून पाणी काढा. पाण्यानं इंजेक्टर जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही लिहिलंत की भाडं 95,000 येईल. डिझेल 34,000, हप्ता 22,500, टोल 6,000, विमा-टॅक्सचे 4,000 गेले की 28,500 ‘सुटतील’. हे सुटत नाहीत. सर्व्हिसिंग किलोमीटरला साधारण 70 पैसे, टायर 70 पैसे, ब्रेक-क्लच-बॅटरी-ग्रीसिंग मिळून 60 पैसे, आणि हमी संपल्यावरच्या मोठ्या कामांसाठी 50 पैसे. हा माझा अंदाज आहे, पण तुमच्या वापराला तो जास्तीचा नाही. किलोमीटरला अडीच रुपये, 300 किलोमीटरच्या खेपेला 750. महिन्याला 11,250. घरात न्यायचे पैसे 17,250 आहेत. हा आकडा घरी सगळ्यांसमोर मांडा, कारण मुलीच्या फीचं नियोजन तुम्ही 28,500 वर केलेलं दिसतं.

गाडीसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि वाशीहून परतलात की त्याच दिवशी 750 टाका. महिनाअखेर टाकू म्हटलं की उरत नाही. या खात्याला एटीएम कार्ड घेऊ नका. 60,000 रुपयांच्या वर शिल्लक गेली की वरचे पैसे एफडीत ठेवा. कर्जात आगाऊ भरू नका, कारण क्लच बसला तर बँक ते परत देणार नाही.

वाढीव हमीचा विषय वेगळा. टर्बो, इंजेक्टर आणि डीपीएफ तिन्ही त्यात येतात का, आणि पहिली हमी संपेपर्यंत कधीही घेता येते का, हे लेखी विचारा. दोन्हींना ‘हो’ असेल तर घेण्यासारखी आहे, पण गाडीच्या खात्यातून रोखीनं. आणि घेतली नाहीत तर मीटर 90,000 ला आला की सेंटरला पूर्ण तपासणी करून घ्या. 1 लाखाच्या आत सापडलेली टर्बोची गळती कंपनीकडे मागता येते.