वाचकांचे प्रश्न : कापणे, तोडणे, चिरणे

प्रश्न : आमच्या करवीर तालुक्यात भात कापतात, ऊस तोडतात आणि वांगे चिरतात. हा भेद कशामुळे? शिवाय थंडीने ‘कापणे’ हे तेच क्रियापद आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा भेद मुख्यतः हत्याराच्या चालीत दिसतो. भाताची मूठ धरून विळा ओढतात, ती कापणी. कोयत्याचा घाव घालून ऊस बुडख्यापासून वेगळा करतात, ती तोडणी. आणि विळीच्या स्थिर पात्यावर भाजी दाबली जाते, ते चिरणे. तोडण्यात वेगळे करण्याचा अर्थ प्रबळ असल्यामुळेच आपण संबंध तोडतो, पगारातून मात्र रक्कम कापली जाते, कारण तेथे पूर्णातला एक भाग उणा होतो. शेतकऱ्यांच्या बोलीने हे भेद अचूक सांभाळले आहेत. लेखनात सर्वत्र ‘कापणे’ वापरून ते पुसू नयेत, असे मला मनापासून वाटते.

थंडीने कापणे हे निराळे, अकर्मक क्रियापद असून ते संस्कृत ‘कम्प्’ धातूवरून आले आहे. जुन्या लेखनात ते ‘कांपणे’ असे लिहीत. अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेल्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसू लागली.