क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा गर्भाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो का, हे कॉलेजच्या लॅबमध्ये कसं तपासायचं?

कोंबडीच्या फलित अंड्यांवर होतं. दुकानातली अंडी चालत नाहीत, ती अफलित असतात. गावरान घ्यायची तर कोंबडा सोबत फिरणाऱ्या कळपातली, आठवड्याच्या आतली. विदर्भात खरी अडचण उन्हाळ्याची. खोली तापली की अंडं इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच गर्भ वाढू लागतो आणि मग तासांचा हिशोब फसतो. म्हणून अंडी 15 ते 18 अंशांवर ठेवा.

तीन गट करा, प्रत्येकी किमान 20 अंडी: काहीच न दिलेला, फक्त शेंगदाणा तेल दिलेला, आणि तेलात विरघळवलेलं क्लोरपायरीफॉस दिलेला (यात दोनतीन मात्रा घ्या). कृषी केंद्रातली बाटली नको, त्यात सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर असतात. दोष कोणाचा ते कळणार नाही. शुद्ध टेक्निकल ग्रेडच (म्हणजे काहीही न मिसळलेलं मूळ कीटकनाशक) घ्या. हातमोजे हवेतच.

न्यूरल ट्यूब (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) उबवणीच्या दुसऱ्या दिवशीच मिटू लागते, त्यामुळे मात्रा उबवणीआधी द्या: बोथट टोकाला सुईएवढं छिद्र, 50 मायक्रोलीटर, वर मेण. मग 37.5 अंश. लाइट जाणार असेल तर इन्व्हर्टर लावा.

48 तासांनी गर्भ सलाइनमध्ये काढून आधी सोमाइट (ट्यूबच्या दोन्ही बाजूंना जोडीने दिसणारे ठोकळे, यावरून वाढ किती झाली ते कळतं) मोजा, साधारण 16 ते 20 जोड्या दिसतील. ट्यूब उघडी आहे पण सोमाइटही 8च, तर ती फक्त उशिराची वाढ. सोमाइट पूर्ण आणि डोक्याकडची ट्यूब उघडी, तेव्हाच मज्जासंस्थेचा दोष म्हणा. कोणतं अंडं कोणत्या गटाचं, हे मोजणाऱ्याला सांगू नका.