हेतू तपासावेत की अंतःकरण पारखावे?

भुसावळच्या एका भगिनींनी विचारले आहे : प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) आदल्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचायच्या निवेदनात त्यांनी ‘आपापले हेतू तपासून या’ असे लिहिले होते, पाळकसाहेबांनी ते खोडून ‘आपले अंतःकरण पारखून या’ असे केले. दोहोंचा अर्थ एकच नाही का?

माझ्या मते नाही, आणि खोडणाऱ्याचा कान चांगला आहे.

‘हेतू’ हा शब्द संस्कृतातल्या ‘हि’ या धातूपासून आला असून त्याचा अर्थ ढकलणे, चालना देणे असा आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, धूर हा डोंगरावरच्या अग्नीच्या अनुमानाचा ‘हेतू’ ठरतो, म्हणजे तेथे हेतू म्हणजे कारण. आजच्या मराठीत मात्र या शब्दाने तोंड फिरवले आहे. मागून ढकलणारे काय, यापेक्षा पुढे गाठायचे काय, हेच तो प्रामुख्याने सांगतो. म्हणून संस्थांच्या घटनेत ‘हेतू व उद्दिष्टे’ जोडीने छापलेली असतात. एखाद्याने मंडळीला पंखा दिला आणि पात्यांवर स्वतःचे नाव रंगवून घेतले, तर हेतू विचारल्यावर तो सांगेल की लोकांना उकाडा होऊ नये. आणि भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे, तो या उत्तराला खोटे म्हणणार नाही. पण नाव रंगवायला कशाने लावले, हा प्रश्न बाजूलाच राहतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात दानधर्माविषयी जे म्हटले आहे, त्याचा रोख नेमका या दुसऱ्या प्रश्नावर आहे. दान करू नका असे तेथे म्हटलेले नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असे म्हटले आहे.

या मागच्या ढकलण्याला मराठीत शब्द नाहीत असे नाही, पण प्रत्येकाचा निकाल आधीच लागलेला असतो. ‘प्रेरणा’ उदात्तच असते, ‘अंतस्थ हेतू’ संशयास्पदच असतो. ‘नियत’ हा अरबीतून आलेला शब्द खानदेशात घरोघरी आहे. ‘त्यानी नियत खराब शे’ (त्याची नियत खराब आहे) असे अहिराणीत सहज म्हटले जाते, पण नियतही चांगली तरी असते, नाही तर फिरलेली. पंखा देणाऱ्याच्या मनात कळवळा आणि मोठेपणाची हौस एकत्र असतील, तर त्या मिश्रणाला यांतला एकही शब्द पुरत नाही.

‘पारखणे’ येथे उपयोगी पडते. हा शब्द ‘परीक्षा’ या शब्दाचाच प्राकृतातून घासून आलेला भाऊ आहे, आणि तो सराफाच्या पेढीवर वाढला. जळगावच्या सराफ बाजारात जुन्या पद्धतीने सोने पाहणारा काळ्या कसोटीवर रेघ ओढतो आणि ज्ञात कसाच्या रेघेशी ती ताडून बघतो. ‘हे सोने आहे का?’ एवढाच त्याचा प्रश्न नसतो. हीण किती, हे त्याला पाहायचे असते. ‘हिणकस’ हा शब्द त्यातूनच आला. पहिल्या करिंथकरांस पत्रात (11:28) भाकर खाण्यापूर्वी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असे सांगताना मूळ ग्रीकमध्ये ‘दोकिमाझो’ हे क्रियापद आहे. तेही धातू पारखण्याच्या व्यवहारात रुळलेले. त्यामुळे पाळकसाहेबांचा शब्द मुळाच्या अधिक जवळ जातो.

‘अंतःकरण’ का, ‘हृदय’ का नाही, हेही पाहण्यासारखे आहे. बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ हिब्रूतले ‘लेव’ म्हणजे हृदय खरे, पण विचार करणे आणि ठरवणे हे तेथे हृदयाचेच काम मानले आहे. आपल्याकडे ‘हृदय’ म्हटले की एक तर प्रेम आठवते, नाही तर डॉक्टर. वेदान्तात अंतःकरणात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चारही येतात, म्हणून त्या शब्दाची व्याप्ती ‘लेव’शी बरीच जुळते. (यिर्मया 17:10 मध्ये तर परमेश्वर हृदयाबरोबर मूत्रपिंडेही पारखतो! हिब्रू लोक मनातल्या गूढ वृत्तींचे ठिकाण तेथे मानत. मराठीत तेथे ‘अंतर्याम’ हा शब्द योजला आहे, ते बरेच झाले.)

एक शंका उरते. मराठीत पारख बहुधा दुसरा करतो. सोने स्वतःला कसोटीवर घाशीत नाही. मग ‘पारखून या’ कसे? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (2:4) अंतःकरणे पारखणारा देव आहे, आणि तेथेही क्रियापद तेच ‘दोकिमाझो’. 139व्या स्तोत्राचा कर्ताही शेवटी देवालाच आपल्याला पारखण्याची विनंती करतो. म्हणजे शास्त्रात दोन्ही वापर आहेत आणि ‘पारखून या’ चुकीचे नाही.

निवेदन ऐकणाऱ्यांत घरी अहिराणी बोलणारे बरेच असतील, तर मात्र मी ‘अंतःकरण’ हा जड शब्दही टाळीन आणि त्यांच्या घरातलाच प्रश्न खाली लिहीन : ‘तुना मनमा काय शे?’ या प्रश्नाला उकाड्याचे उत्तर देता येत नाही.