पुण्याच्या पेठेतली न्यू इंग्लिश स्कूल सरकारने काढली होती का?

नाही, ती पूर्णपणे खाजगी शाळा होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीची सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी ही शाळा पुण्यात, बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात सुरू झाली. टिळक पहिल्यापासून सोबत होते, नामजोशीही आले, एम.ए. होताच आगरकर येऊन मिळाले. सरकारी नोकरी सहज मिळाली असती अशा वयात ही मंडळी वाड्यात वर्ग घेत होती, आणि मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

वामन शिवराम आपट्यांचं नाव मात्र मागे पडतं, याचं वाईट वाटतं. शाळेचा रोजचा कारभार सांभाळला त्यांनी. संस्कृत शिकणारी मुलं आजही ज्यांचा कोश उघडतात, तेच हे आपटे.

१८८२ मध्ये चिपळूणकर गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांवर केलेल्या लेखनावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात होते. तरी शाळा बंद पडली नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. रमणबाग आणि टिळक रोडवरच्या शाळा याच सोसायटीच्या.