नोकरी गेली, हप्ता मात्र पाच तारखेला येतोच

प्रश्न : ताई, मी चिपळूण तालुक्यातला, वय २७. लोटे एमआयडीसीत ठेकेदारामार्फत एका कंपनीत डिस्पॅचला होतो, जूनमध्ये दहा-बारा जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं त्यात मीपण. फेब्रुवारीत सगळं सुरळीत होतं तेव्हा ४२ हजारांचा फोन घेतला, १२ हप्ते, महिना ३,५००. चार गेले, आठ राहिलेत. शिवाय पोस्टपेड फॅमिली प्लॅन आहे १,०९९ चा, त्यात माझा, बाबांचा आणि बहिणीचा नंबर. खात्यात आता सहा हजार आहेत. पाच जुलैला हप्ता कापतील, अठराला बिल भरायचंय. मित्र म्हणतो सिम काढून फेक, खातं रिकामं कर, काय करणारेत ते. पण सगळीकडे इंटरव्ह्यूला हाच नंबर दिलाय. आमच्या वाडीत रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते म्हणून फोन दिवसभर तिथल्या कठड्यावर असतो, वाजला की आई तव्यावरची भाकरी सोडून धावत येते. हप्त्याचं घरी अजून सांगितलेलं नाही. गणपतीत मुंबईची मंडळी यायच्या आधी हे निस्तरायचंय.

उत्तर : पहिलं म्हणजे मित्राचं ऐकू नकोस. मी बारा वर्षं पतसंस्थेच्या काउंटरला काढलीत, खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवणारे खूप बघितले, सगळे तीन-चार महिन्यांनी दुप्पट तोंड पाडून परत यायचे. हप्ता परत गेला की तुझी बँक वेगळा चार्ज लावते, फायनान्सवाला वेगळा, आणि पुन्हा मागणी टाकली की पुन्हा तेच. ३,५०० वाचवायला जाशील आणि हजारभर असेच जातील, वर क्रेडिट रिपोर्टवर डाग. इलेक्ट्रॉनिक हप्ता पैशाअभावी परत जाणं हा २००७ च्या पेमेंट्स कायद्यात चेक बाउन्ससारखाच गुन्हा धरलाय, एका हप्त्यावरून लगेच कोणी कोर्टात खेचत नाही, पण मुद्दाम खातं रिकामं करायचं म्हणजे उगाच अंगावर ओढवून घ्यायचं.

आता तुझा हिशोब मांडते. १,०९९ वर १८ टक्के जीएसटी धरून बिल होतं १,२९७. हप्ता मिळवला की ४,७९७. म्हणजे जुलैचं दोन्ही भरूनही बाराशे उरतात. तू इतका घाबरलायस की हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. खरी ओढाताण पाच ऑगस्टला आहे, तेव्हा हातात महिना आहे तो वापर.

आणि एक, तू हप्ता आणि बिल एकातच धरतोयस पण ही दोन वेगळी देणी आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांची. फोनचा हप्ता हे कर्ज आहे, ते फोन वापर नाहीतर पाण्यात टाक, फिटेपर्यंत चालूच राहणार. बिल मात्र उद्याच्या उद्या कमी करता येतं, म्हणून सुरुवात तिथून.

सिम काढून ठेवलं म्हणजे पोस्टपेड बंद झालं असं नसतं, भाडं चालू राहतं, बिलं साचतात, मग वसुलीवाले. त्यापेक्षा बिल चुकतं कर आणि तिन्ही नंबर प्रीपेड करून घे. त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड आता ओटीपीवर होतं, २०२१ मध्ये तशी सोय झालीये, नंबर तोच राहतो. बाबांचा आणि बहिणीचा नंबर आधी सोडवून घ्यायचा की एकदमच, ते चिपळूणच्या स्टोअरमध्ये विचार, कारण मुख्य नंबर हलला की जोडलेले नंबर मध्येच लटकतात. बाबा फक्त बोलण्यापुरताच फोन वापरत असतील तर त्यांना डेटाचं रिचार्ज नकोच, नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायलाच हवेत असं ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२४ च्या डिसेंबरात सगळ्या कंपन्यांना सांगितलंय. दुकानदार आपणहून दाखवणार नाही, मागून घ्यावं लागतं. बहिणीला कॉलेजसाठी नेट लागणार, तिचं एक डेटाचं रिचार्ज ठेव आणि घरात असताना तिच्या हॉटस्पॉटवर तू भागव. बिलात कॉलर ट्यून वगैरे कसले पैसे लागत असतील तर १५५२२३ हा फुकटचा नंबर आहे, तिथून बंद कर.

कंपनी बदलायची असेल तर पोर्टसाठी १९०० ला मेसेज जातो, पण निघालेलं बिल थकलेलं असेल तर कोडच मिळत नाही, म्हणून पुन्हा सांगते बिल आधी. आणि स्वस्त दिसलं म्हणून पोर्ट मारू नकोस. शेजाऱ्याकडून त्या कंपनीचं सिम मागून घे, तुमच्या पडवीच्या कठड्यावर अर्धा दिवस ठेवून बघ. नाहीतर रेंजसाठी सड्यावर चढून जावं लागेल आणि इंटरव्ह्यूचा कॉल येईल तेव्हा तू घरी भात जेवत असशील.

आता फोन. आठ हप्ते म्हणजे २८ हजार. फायनान्स कंपनीला आत्ताच ईमेल कर, नोकरी गेल्याचं लिही, ठेकेदाराने काही लेखी दिलं असेल तर जोड, हप्ता लहान करून मुदत वाढवून माग. देतीलच असं नाही, त्यांच्यावर बंधन नाही, पण हप्ता बुडायच्या आधी मागणाऱ्याचं ऐकतात, बुडाल्यावर मागणाऱ्याला वसुली डिपार्टमेंटकडे ढकलतात. फोनवर गोड बोलून हो म्हटलं तर ते ईमेलवर घे. सोबत फोरक्लोजर लेटर मागव, आज सगळं फेडायचं तर किती लागतील आणि चार्ज किती ते त्यात असतं.

ते लेटर हातात आलं की फोन विकायचा विचार कर, मला विचारशील तर तोच रस्ता सरळ आहे. आधी अॅग्रीमेंट वाच, कर्ज फिटेपर्यंत विकायचा नाही अशी अट असू शकते, आणि काही फायनान्सच्या फोनमध्ये लॉकचं अॅप असतं, हप्ता थकला की स्क्रीनच बंद. तेव्हा आधी फेड, मग विक. समजा दुकानदार २० हजार म्हणाला तर वरचे आठ हजार तुला कुठून तरी उभे करायचेत, आणि २० सुद्धा विकायच्या आधी काही दिवस कोणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतील. त्यासाठी घरी सांगावंच लागेल. बाबा रागावतील, एक दिवस बोलणार नाहीत, झालं. मुंबईच्या मंडळींसमोर मान खाली जाईल म्हणून लपवतोयस, पण त्यातल्या निम्म्यांचे फोन हप्त्यावरच असतात. बिल, खोका, चार्जर शोधून ठेव, त्याने भावात फरक पडतो. कपाटातला जुना फोन इंटरव्ह्यूचे कॉल घ्यायला पुरतो.

पीएफ फोनसाठी काढू नकोस. झटपट कर्जाचं अॅप उघडू नकोस. आईची पाटली तर नकोच. आणि वसुलीवाला अर्ध्यात सेटल करतो म्हणाला तरी घाई नको, रिपोर्टवर सेटल्ड असा शिक्का बसतो, उद्या गाडीचं किंवा घराचं कर्ज मागायला गेलास की तो आड येतो. पूर्ण फेडलंस की एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, घ्यायला विसरू नकोस.

प्रश्न : ताई, मी मालवणची. भाच्याला पगाराची स्लिप नव्हती म्हणून त्याचा फोन माझ्या नावावर हप्त्याने घेतला. तो हॉटेलात होता, पावसात हॉटेलवाल्याने काढलं. आता दोन हप्ते थकलेत, रात्री नऊला कॉल येतात, परवा शेजारणीला फोन करून सांगितलं की तुमच्या बाजूच्या बाई पैसे बुडवतात.

उत्तर : काकू, कर्ज कागदावर तुमचंच आहे, भाचा नावेवर गेला काय आणि मुंबईला गेला काय, कंपनी तुम्हालाच धरणार. ते मान्य करून पुढे बोलू. पण सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे कॉल करायचे नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय, आणि शेजारणीला सांगणं तर सरळ त्याच्या विरुद्ध. थकलेल्या हप्त्यावर दंड लागेल, पण त्या दंडावर परत व्याज चढवता येत नाही, तेवढं स्टेटमेंटमध्ये तपासा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तारीख-वेळ घालून लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८. भाच्याकडून थोडे थोडे का होईना पैसे तुमच्या खात्यात घ्या, हातात नको, म्हणजे नोंद राहते. शेजारणीला सांगा तो नंबर आणि वेळ एका कागदावर लिहून द्यायला, आणि तुमच्या फोनवरच्या रात्रीच्या कॉलचे स्क्रीनशॉट भाच्याकडूनच काढून घ्या, त्याला तेवढं तरी करू दे.